पोट्ट्याचा ताप उतरत नव्हता

बाप माइकसमोर येतो तेव्हा आजाराचं नाव सगळ्यात शेवटी घेतो. आधी येतो रस्ता. गावचा डॉक्टर, तालुक्याचा दवाखाना, कोणीतरी सुचवलेला नागपूरच्या धंतोलीतला मोठा डॉक्टर, मधे एखादा वैदू, मधे एखादा अंगारा. ‘पोट्ट्याचा ताप उतरत नव्हता’ हे पहिलं वाक्य बहुतेकांचं ठरलेलं. दुसरंही जवळपास ठरलेलंच, ‘आम्हाले वाटलं, मलेरिया असंन.’ तिथून पुढे तो अर्धा तास सहज बोलू शकतो. निवेदकाच्या कागदावर मात्र त्याच्या वाट्याला तीनच मिनिटं असतात, कारण दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचे सत्कार आणि मुलांचा नाच एवढं सगळं आधी उरकायचं असतं.

सप्टेंबर हा जगभर लहान मुलांच्या कॅन्सरबद्दल बोलण्याचा महिना मानतात. त्याची सोनेरी फीत. शिवाय १५ फेब्रुवारी हा त्याचा आंतरराष्ट्रीय दिवस, २००२ पासूनचा. तो सुरू केला पालकांच्या संघटनांच्या जागतिक महासंघानं, डॉक्टरांनी नव्हे. ही दोन निमित्तं साधून कर्करोग रुग्णालयं आणि संस्था उपचार संपलेल्या आणि सुरू असलेल्या मुलांच्या कुटुंबांना एकत्र बोलावतात. कुठे रुग्णालयाचं सभागृह, कुठे भाड्यानं घेतलेला हॉल, कुठे नुसता वॉर्डाबाहेरचा मंडप.

नागपुरात अशा कार्यक्रमाला कोण येतं हे समजायला नकाशा उघडावा लागतो. मानेवाडा रोडवरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, वर्धा रोडवर जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, सरकारी ‘मेडिकल’, मिहानमधलं एम्स, यांच्या ओपीडीत गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळची माणसं असतातच. त्यांच्या शेजारच्या बाकावर छिंदवाडा, बालाघाट, बैतुल, राजनांदगाव, आदिलाबादही बसलेलं असतं. त्यामुळे मेळाव्यातलं बोलणं मराठीत सुरू होतं, हिंदीत घसरतं, आणि मागच्या रांगेतली एखादी गोंडी बोलणारी आजी शेजारणीला विचारत राहते, काय म्हणाला तो. जिच्या नातवासाठी हा खटाटोप, तिच्यापर्यंत तो दुसऱ्याच्या तोंडून पोचतो.

मानेवाड्याच्या रुग्णालयाला तुकडोजी महाराजांचं नाव आहे. महाराज १९६८ साली कॅन्सरनंच गेले. सामुदायिक प्रार्थनेला गावाला एका सतरंजीवर बसवणाऱ्या माणसाचं नाव या आजाराच्या दारावर असावं, हे मला योग्य वाटतं. इथली माणसं एकत्र बसून ऐकायला सरावलेली आहेत. प्रश्न आहे तो त्यांना काय ऐकवलं जातं याचा.

इथे एक खुलासा. या लेखात कोणाही एका कुटुंबाची ओळख पटेल असं काही दिलेलं नाही. आजारी मुलाची गोष्ट ही त्या मुलाची मालमत्ता असते आणि ते मोठं झाल्यावर तिचं काय करायचं हे त्यानं ठरवायचं असतं. जे अनेकांच्या बाबतीत सारखंच घडतं, तेवढंच इथे घेतलं आहे.

आयोजकांना हवी असते हिंमत. ‘तुम्ही यावर मात कशी केली?’ असा प्रश्न विचारला जातो आणि आई गोंधळते. तिच्याजवळ त्याचं उत्तर नसतं. तिच्याजवळ असते माहिती. पिवळं रेशनकार्ड कुठे चाललं आणि कुठे अडलं, नागपुरात खोली कोणत्या गल्लीत मिळते, रक्त द्यायला कोणत्या कॉलेजची मुलं येतात, सलाईनची सुई कोणत्या सिस्टरच्या हातून एका झटक्यात लागते. माझं म्हणणं इतकंच आहे की या कार्यक्रमांचा खरा ऐवज हा आहे, आणि नेमका तोच तीन मिनिटांत कापला जातो.

या माहितीची किंमत पहिल्या महिन्यात कळते.

लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळतो तो रक्ताचा कॅन्सर, म्हणजे ल्युकेमिया. त्याची सुरुवात अगदी सामान्य असते. ताप येतो-जातो, मूल पांढरं पडतं, पाय दुखतात म्हणून उचलून घ्या म्हणतं, अंगावर न पडता-आपटता निळे डाग उमटतात. विदर्भातल्या डॉक्टरच्या मनात अशा वेळी आधी सिकलसेल यावा, यात त्याची चूक नाही. पूर्व विदर्भात तो आजार घराघरात ठाऊक आहे आणि त्यातही मूल फिकट होतं, हाडं ठणकतात. गडचिरोली-गोंदियाकडे मलेरिया आहेच. मानेत गाठी आल्या तर टीबी समजून गोळ्या सुरू होतात. हॉजकिन लिम्फोमा या गाठींच्या कॅन्सरची कित्येक मुलं आपल्या देशात हा वळसा घालून येतात. सगळ्यात फसवं वळण स्टिरॉइडचं. सांधे दुखतात म्हणून कोणी ते देतो, ताप उतरतो, मूल अंगणात पळायला लागतं, घरात सुटकेचा श्वास. ल्युकेमियाच्या पेशी स्टिरॉइडनं काही दिवस दबतात, तपासणीत नीट दिसत नाहीत, आणि मग आजार पूर्वीपेक्षा चिवट होऊन परततो.

हे सगळं डॉक्टरांच्या पुस्तकात आहे. पण गावातल्या बाईला ते पुस्तकातून कळत नाही. तिला कळतं ते दुसऱ्या बाईकडून, जिनं आपल्या मुलाला आंघोळ घालताना पोटात गोळा हाताला लागलेला असतो. (मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर बहुधा असाच सापडतो, आईच्या हाताला.) ताप दोन आठवडे हटत नाही आणि पोर पांढरं पडतंय, तर सीबीसी कर आणि काचेवर रक्त पाहायला सांग, हे वाक्य व्यासपीठावरून कोणी म्हटलं तर त्याला टाळ्या मिळत नाहीत. पण ते वाक्य घेऊन एखादी आशाताई गावी परतते.

मराठीत बालकर्करोगाची सगळ्यात जास्त लोकांपर्यंत पोचलेली गोष्ट म्हणजे ‘श्वास’. संदीप सावंत यांचा हा २००४ सालचा चित्रपट माधवी घारपुरे यांच्या कथेवर बेतलेला. डोळ्यांचा कॅन्सर झालेला नातू आणि त्याला शहर दाखवणारा आजोबा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताकडून तो ऑस्करला गेला. मला त्यात मोलाची वाटते ती कागदपत्रांची, रांगांची, समजावून सांगण्याची बाजू. शस्त्रक्रियेनंतर दिसणार नाही हे मुलाला सांगायचं कोणी, या प्रश्नाभोवती सगळं फिरतं. नागपूरच्या वॉर्डात तो प्रश्न आजही तसाच आहे. बहुतेक घरांत मुलाला आजाराचं नाव सांगत नाहीत. ‘रक्त कमी आहे’ म्हणतात. मूल मात्र शेजारच्या पलंगावरच्या मुलाकडून सगळं शिकलेलं असतं. काउंट, प्लेटलेट, बोनमॅरो, पाठीतलं इंजेक्शन, हे शब्द आठ वर्षांची पोरं शाळेच्या पाढ्यांआधी पाठ करतात. लाल इंजेक्शन घेतलं की लघवी लाल होते, घाबरायचं नाही, हे नव्या पोराला जुनं पोरच सांगतं.

स्टिरॉइडच्या दिवसांची गोष्ट निघाली की सभागृहात पहिल्यांदा खरं हसू फुटतं. चेहरा गोल होतो, राग नाकावर असतो आणि भूक अशी की रात्री दोन वाजता मूल बटाट्याची भाजी मागतं. मग आई गॅस पेटवते. बाहेरचं काही द्यायचं नाही, पाणी उकळलेलं, फळ जाड सालीचंच. म्हणजे नागपुरात संत्रं चालायला हवं. पण किमोनं तोंड सोललेलं असतं आणि फोड जिभेला झोंबते. संत्र्याच्या गावातलं पोर केळ्यावर दिवस काढतं.

या औषधांची कुळकथा आपल्या घरापासून फार लांबची नाही. व्हिन्क्रिस्टिन हे बालरक्तकर्करोगाच्या उपचारातलं एक मुख्य औषध, आठवड्याच्या आठवड्याला शिरेतून दिलं जाणारं, ते सदाफुलीत सापडलं. तुळशीवृंदावनाशेजारी, गटाराच्या कडेला, कुठेही उगवणारी तीच सदाफुली. १९५०च्या दशकात तिची पानं तपासली गेली ती मधुमेहावर उपयोग होतो का हे पाहायला; साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी उतरल्या. दुसरं औषध मेथोट्रेक्झेट. त्याची वाट मुंबईच्या गिरण्यांतून जाते. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत गिरणीकामगार गरोदर बायांच्या रक्तक्षयाचा शोध घ्यायला आली. यीस्टच्या अर्कात काहीतरी आहे ज्यानं या बाया सुधारतात, हे तिला दिसलं. ते काहीतरी म्हणजे फॉलिक ॲसिड. पुढे अमेरिकेत लेडर्ली कंपनीत आंध्रच्या भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या चमूनं ते प्रयोगशाळेत बनवलं, मग मेथोट्रेक्झेटसारखे त्याच्या विरुद्ध काम करणारे रेणूही बनवले. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४७च्या अखेरीस त्यांतला एक, ॲमिनॉप्टेरिन, ल्युकेमियाच्या मुलांना दिला आणि जून १९४८मध्ये निकाल छापले. मुलं काही महिने सुधारली, पुन्हा आजारी पडली, पण त्याआधी तेवढंही कधी झालं नव्हतं. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. वॉर्डातल्या आईला दर आठवड्याला मोजून द्यायच्या त्या पिवळ्या गोळ्यांमागे लालबाग-परळच्या बाया उभ्या आहेत, हे कोणी सांगत नाही. सांगायला हवं.

भारतात गाडी रुळावर यायला १९८४ उजाडलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले इयन मॅग्राथ आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेश अडवाणी यांच्या सहकार्यातून एमसीपी-८४१ नावाची, आपल्याकडच्या खर्चाला आणि सोयींना झेपेल अशी उपचारपद्धत आखली गेली. मुंबई, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची अड्यार संस्था यांनी ती राबवली. पूर्वी २० टक्केही मुलं आजारमुक्त राहत नव्हती. चार वर्षांनंतर आजारमुक्त असलेल्यांचं प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांवर गेलं. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसूनच वैद्यकी केलेल्या अडवाणींनी त्याच्या एक वर्ष आधी, १९८३मध्ये, नऊ वर्षांच्या मुलीवर देशातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं होतं.

आज श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगात दर वर्षी सुमारे ४ लाख मुलं आणि किशोर या आजाराला सामोरी जातात. २०३०पर्यंत किमान ६० टक्के वाचावीत असं लक्ष्य संघटनेनं २०१८ साली ठेवलं. नागपूर शहरातल्या कॅन्सरची नोंदवही १९८०पासून ठेवली जाते आहे, म्हणजे शहरात कोण आजारी पडलं हे बऱ्यापैकी मोजलं जातं. कोरची किंवा धारणीच्या पाड्यावर निदान न होताच जे गेलं, त्याची नोंद ‘तापानं गेलं’ अशीच राहते.

निदान झालं, उपचार सुरू झाला, आणि मग मूल यायचंच बंद झालं, ही दुसरी गळती. रक्ताच्या कॅन्सरचा उपचार दोन ते अडीच वर्षं चालतो. पहिले सहा-आठ महिने वॉर्डात आणि डे-केअरमध्ये जातात, मग येतो मेंटेनन्स, रोज एक गोळी, आठवड्याला दुसरी, महिन्याला एक चक्कर. तोवर मुलाला केस आलेले असतात, ते सायकल चालवत असतं, आणि गावातला शहाणा म्हणतो, आता कशाला नेता बाप्पा, चांगलं तर दिसते. घरात धाकटं आजीजवळ ठेवलेलं, शेत बटईनं दिलेलं. भामरागडला जुलैत पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. तेव्हा महिनाभराऐवजी दीड महिन्याच्या गोळ्या मिळतील का, हा प्रश्न हिमतीचा नाही, वेळापत्रकाचा आहे. त्याचं उत्तर रुग्णालयाला देता येतं, विचारायचं धाडस मात्र आईला दुसऱ्या आईनं द्यावं लागतं.

टाटा मेमोरियलच्या बालविभागानं या गळतीचा पाठलाग केला. राहायची सोय, जेवण, औषधांचा पैसा, आणि तारीख चुकली की फोन. उपचार नाकारणारे किंवा अर्ध्यावर सोडणारे आधी २० टक्क्यांच्या आसपास होते, ते ५ टक्क्यांच्या आसपास आले. यात नवं औषध एकही नव्हतं.

नागपूरहून मुंबईला जाणारी कुटुंबं आजही आहेत. विदर्भ एक्सप्रेस किंवा सेवाग्राम धरायची, सकाळी दादरला उतरायचं. पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत; त्यासाठी रुग्णालयाच्या सहीशिक्क्याचा फॉर्म लागतो, हे पहिल्या फेरीत कोणालाच ठाऊक नसतं. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटना आणि नातेवाइकांना उतरायला. महाराज अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. वऱ्हाडातल्या माणसाला मुंबईत पहिलं ओळखीचं नाव भेटतं ते हे. २०१२च्या जुलैत राज्याची जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली आणि अमरावती होते. पुढे तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं आणि २०२३मध्ये मर्यादा कुटुंबामागे ५ लाखांवर नेली गेली. उपचार फुकट होतो, हे बऱ्याच अंशी खरं. नागपूरचं खोलीभाडं, एसटी, बुडालेली मजुरी आणि योजनेच्या यादीबाहेरचं एखादं अँटिबायोटिक, यांत घर धुऊन निघतं हेही खरं.

आणि कोणाला आणलंच जात नाही? २०२२ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त भारतातल्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींचा अभ्यास आला. उपचाराला आलेल्यांत मुलींपेक्षा मुलगे बरेच जास्त, आणि महागड्या प्रत्यारोपणापाशी ही दरी आणखी रुंद. आजारात एवढा फरक नसतो. मेळाव्यात पुढच्या रांगेत किती मुली बसल्या आहेत हे एकदा मोजून पाहावं. निवेदक कितीही गोड बोलत असला तरी ती संख्या स्वतःच बोलते.

व्यासपीठावर न येणारे आणखी दोघे. एक, ज्यांचं मूल गेलं ते आईबाप. सोनेरी फुगे लावलेल्या हॉलमध्ये त्यांना कोण बोलावणार, आणि बोलावलं तर पाहणाऱ्या इतर आयांचं काय होईल, ही भीती खोटी नाही. पण वॉर्डातली सगळी खाचखळग्यांची माहिती त्यांच्याकडेही असते. अमेरिकेत १९७० साली ‘कँडललायटर्स’ ही पालकांची संघटना उभी राहिली, पालकांनी पालकांना धरायचं म्हणून. आपल्याकडे दहाव्या-तेराव्यानंतर त्या घराशी वॉर्डाचा धागाच तुटतो. वर्षातून एकदा, वेगळ्या दिवशी, माइकशिवाय, त्यांना बोलवायला काय हरकत आहे? मला तरी दिसत नाही.

दुसरे म्हणजे बरे होऊन मोठे झालेले. सहा वर्षांचा बरा झालेला मुलगा व्यासपीठावर गाणं म्हणतो. तो बावीसचा झाला की येत नाही. मुलगी तर नाहीच. स्थळ आलं की घरात ठरतं, सांगायचं नाही. टाटामध्ये १९९१ साली डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी उपचार संपलेल्यांसाठी एसीटी क्लिनिक सुरू केलं. औषधानं हृदयावर काही झालं का, डोक्याला दिलेल्या रेडिएशननं अभ्यासावर परिणाम झाला का, उंची वाढते का, हे वर्षानुवर्षं पाहायचं. २००९मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं ‘उगम’ हा बऱ्या झालेल्यांचा गट निघाला. ते स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या नावानं बोलतात, कॉलेजांत जातात, वॉर्डात नव्या मुलांना भेटतात. आईनं सांगितलेली गोष्ट आणि यांनी सांगितलेली गोष्ट यांत फरक असतो. आईच्या गोष्टीत आजार संपतो. यांच्या गोष्टीत विमा कंपनीचा नकार असतो, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीतला तो एक रकाना असतो, आणि लहानपणी कोणतं औषध किती मिळालं याचा कागदच घरात नसणं असतं, कारण बरा झाल्यावर फाइल अशुभ म्हणून कोणीतरी रद्दीत घातलेली असते. फ्रान्समध्ये २०१६पासून ठराविक वर्षांनंतर कर्जाच्या विम्यासाठी जुना कॅन्सर सांगणं बंधनकारक नाही, असा कायदा आहे. आपल्याकडे अजून मुलीच्या सासरी सांगायचं की नाही यावरच घर अडलेलं आहे.

हॉलमध्ये आभारप्रदर्शन सुरू होतं तेव्हा खरा कार्यक्रम बाहेर चहाच्या टेबलाशी लागलेला असतो. मोबाइल नंबर दिले-घेतले जातात, फायली उघडल्या जातात, एकीच्या पिशवीतली उलटीची गोळी दुसरीला दाखवली जाते आणि लगेच, हे डॉक्टरला विचारल्याशिवाय नको हं, असंही सांगितलं जातं. भाऊ-बहिणी भिंतीशी आपापसात खेळत असतात. दोन वर्षं आजीकडे ठेवलेली ही पोरं, यांना कोणी प्रश्न विचारत नाही. आयोजकांनी पुढच्या वेळी व्यासपीठ निम्मं करून ही टेबलं वाढवावीत. एकावर योजनेची कागदपत्रं, एकावर खोली आणि गाडी, एकावर शाळा. प्रत्येकाशी एक जुनी आई, एक सिस्टर.

शाळेच्या टेबलावर गर्दी होणार हे नक्की. विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि मेंटेनन्सवरचं मूल त्या आठवड्यात दप्तर घेऊन जायला अधीर असतं. आईला भीती असते चिडवण्याची, टोपी ओढण्याची. डॉक्टरला भीती असते कांजिण्यांची. किमोच्या गोळ्यांवर असलेल्या मुलाला कांजिण्या जिवावर बेततात, आणि आपल्याकडे कांजिण्या आल्या की माता आली म्हणून घरचे गुपचूप कडुलिंबाचा पाला लावतात, शाळेला कळवत नाहीत. संपर्क आल्याचं लगेच कळलं तर रुग्णालयाला इंजेक्शन किंवा औषध देता येतं. आठवड्यानं कळलं तर उशीर झालेला असू शकतो. म्हणून जुन्या आया नव्या आईला सांगतात, मुख्याध्यापकाकडे अर्ज नंतर कर, आधी वर्गशिक्षिकेला भेट, तिला सगळं खरं सांग, आणि वर्गातलं कोणतंही पोर पुरळ म्हणून घरी राहिलं तर त्याच दिवशी फोन कर म्हणून तुझा नंबर तिच्या हजेरीपटावर तिच्याच हातानं लिहवून घे.